हेडलाइट लावली की काटे हलतात: मीटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी डिझेल पिकअप. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा त्याच तालावर उड्या मारतो. गाडी न्यूट्रलला संथ चालू असताना बॅटरीचा दिवा मंद, अंधारातच दिसेल इतका, पेटलेला राहतो. बॅटरी नवीन टाकून झाली, अल्टरनेटरही (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलून झाला, लक्षणं जिथल्या तिथे. आता अख्खा मीटर क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा सगळ्या काट्यांचा संच, बदलायचा सल्ला मिळाला आहे. बदलावा का?

नको. मल्टिमीटर लावून चार आकडे हातात येईपर्यंत तरी एकही नवा भाग विकत घेऊ नका. दोन मोठे भाग बदलूनही लक्षणात तिळमात्र फरक पडत नाही, तेव्हा दोष बहुधा भागात नसतो, त्या भागांना जोडणाऱ्या वायरीत असतो.

टेंपरेचरच्या काट्याकडे बघा. हेडलाइट लावल्यावर इंजिनातलं पाणी दोन सेकंदांत तापत नाही आणि बंद केल्यावर दोन सेकंदांत निवतही नाही. म्हणजे सेन्सर खरं सांगतोय, काटा खोटं दाखवतोय. तेही एकच काटा नाही, दोन-दोन. इंडिकेटरचा बल्ब पेटतो-विझतो तसा डिझेलचा काटा हलतो, याचा अर्थ इंडिकेटरचा करंट आणि मीटरचा करंट परतीच्या वाटेवर कुठल्या तरी एकाच अरुंद जागेतून जात आहेत. बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी ही परतीची वाट म्हणजे अर्थ (अर्थिंग).

पिकअपला हे दुखणं कारपेक्षा जास्त होतं, आणि त्याला कारण तिची बांधणी. बहुतेक कारमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. पिकअपला खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर रबरी माउंटिंगवर बसवलेली केबिन, आणि मागे वेगळा बोल्ट केलेला हौदा. इंजिनही रबरावरच. रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला एक जाड लीड, इंजिनपासून चेसिसला एक पट्टी आणि चेसिसपासून किंवा इंजिनपासून केबिनला आणखी एक पट्टी अशी साखळी केलेली असते. केबिनची पट्टी तुटली, गंजली किंवा डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी रंगावरच कसली गेली, की केबिनमधल्या प्रत्येक गोष्टीचा करंट भलत्या वाटा शोधतो. कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी स्पीडोमीटरच्या केबलच्या आवरणातून. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवल्यावर, किंवा सेल्फ मारताना, यातली एखादी केबल हाताला गरम लागली तर पुढचं काहीही मोजण्याची गरज नाही, दोष सापडला.

आकड्यांत सांगायचं तर 55-60 वॅटचे दोन हेडलाइट मिळून दहाएक अँपिअर घेतात, पूर्ण वेगातला ब्लोअर साधारण तेवढेच. हे 20 अँपिअर 0.05 ओहम अडथळ्याच्या सांध्यातून गेले तर तिथे 1 व्होल्ट खाल्ला जातो. म्हणजे क्लस्टरचा 'शून्य' प्रत्यक्षात शून्य राहत नाही, एक व्होल्ट वर तरंगतो. टेंपरेचरचा सेन्सर मात्र इंजिनच्या ब्लॉकला थेट बसलेला, त्याचा शून्य जागेवरच. दोघांच्या शून्यात फरक पडला की दोन कॉइलच्या ओढाताणीवर चालणारा काटा एका बाजूला झुकतो.

आणि म्हणूनच मल्टिमीटरच्या बझरवर किंवा ओहमच्या रेंजवर अर्थ तपासून काही उपयोग नसतो. 0.05 ओहम साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. पट्टीतली एकच तार शिल्लक असेल तरी बझर वाजतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘अर्थ ओके आहे.’ अर्थ तपासायचा तो लोड देऊन, म्हणजे लाइट-ब्लोअर चालू ठेवून, व्होल्टमध्ये.

सर्वांत आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. जंपस्टार्टची जाड केबल घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला आणि दुसरं केबिनमधल्या रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला लावा; दरवाज्याच्या बिजागरीचा किंवा डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटचा बोल्ट चालतो. दुसरं टोक पॉझिटिव्हला किंवा फिरत्या बेल्टला लागणार नाही हे पाहा. आता इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, वायपर, इंडिकेटर सगळं लावा. काटे शांत झाले तर केबिनची पट्टी दोषी. शांत झाले नाहीत तर क्लस्टरच्या मागचा स्वतःचा अर्थ किंवा त्याचा पुरवठा बघायचा, ते पुढे सांगतो.

निदान पक्कं करायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच. तेवढा सगळा लोड चालू. लाल पिन क्रमाने टर्मिनलच्या क्लॅम्पवर, इंजिन ब्लॉकवर, चेसिसवर, केबिनच्या उघड्या लोखंडावर आणि शेवटी क्लस्टरच्या अर्थ वायरवर टेकवत जा. प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून ठेवा. 0.1 च्या आत असेल तर उत्तम, 0.2 पर्यंत चालतं. चेसिसवर 0.08 आणि केबिनवर 0.9 आलं तर उडी ज्या दोन जागांमध्ये आहे तिथलीच पट्टी खराब, बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही. क्लॅम्पवरच 0.3 दिसला तर टर्मिनल आणि पोल यांच्या मध्ये पांढरा-हिरवा थर बसलेला असतो, वरून कितीही चकचकीत दिसत असलं तरी.

पट्टी दुरुस्त करताना बोल्ट नुसता कसून भागत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा (आणि बसवताना शेवटी बसवा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही). पट्टी दोन्ही टोकांनी सोडवा. लगखालची (लग म्हणजे पट्टीच्या टोकाची, बोल्ट जाणारी कडी) जागा पॉलिश पेपरने चमकणाऱ्या लोखंडापर्यंत घासा, लगची दोन्ही अंगं घासा, दातेरी वॉशर टाका, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासा. आधी फासून मग आवळायचं नाही. लगच्या मुळाशी वायरचं आवरण अर्धा इंच सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलेलं आणि ठिसूळ झालेलं असेल तर ती लीड टाकून द्या. काळ्या तांब्यावर नवा लग दाबणं हा वेळेचा अपव्यय आहे.

आता चार्जिंगकडे. इथेही क्रम महत्त्वाचा, कारण अर्धमेल्या बॅटरीवर अल्टरनेटर तपासला तर चांगला अल्टरनेटरही वाईट दिसतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किंवा नुकतीच चालवली असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवून आणि थोडा वेळ थांबून, बॅटरीच्या पोलवर मोजा. 12.6 च्या वर म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्जरला लावा. अल्टरनेटर हा बॅटरी राखण्यासाठी असतो. पार उतरलेली बॅटरी त्याच्याकडून भरून घेतली तर तो तासन् तास पूर्ण लोडवर तापत राहतो, आणि नवा टाकलेला महिन्याभरात का गेला हे कोणालाच कळत नाही. पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं उघडा. सगळ्या सेलचं पाणी सारखं उतरलेलं असेल तर ओव्हरचार्जिंगचा संशय घ्या. एकाच सेलचं उतरलं असेल तर तो सेल गेलेला. हायड्रोमीटर (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणारी नळी) असेल तर सेलमधला फरक 0.050 च्या वर नको. भरलेल्या सेलची घनता 1.265 च्या आसपास असते.

सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. गेला तर बॅटरी अशक्त किंवा सेल्फ जास्त ओढतोय. व्होल्टेज चांगला राहिला तरी सेल्फ जड फिरत असेल तर पुन्हा अर्थ, या वेळी इंजिनचा.

इंजिन चालू, साधारण 1,500 आरपीएम, सगळा लोड बंद: 13.8 ते 14.5 अपेक्षित. मग सगळा लोड लावा, 13.5 च्या वर टिकायला हवा. संथ गतीवर हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं असताना आकडा थोडा खाली आला तर घाबरू नका, संथ गतीला अल्टरनेटर त्याच्या क्षमतेचा एक भागच देऊ शकतो. रेस केल्यावर वर यायला हवा. 15 च्या वर गेला तर मात्र गाडी तशी चालवू नका.

बॅटरीवर आकडा कमी दिसला म्हणून लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बी प्लस बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर ठेवा. लोड चालू असताना इथे 0.3 पर्यंत ठीक, 0.5 च्या वर म्हणजे मधली वायर, मोठा बोल्टचा फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी वायर) दगा देतेय. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल अल्टरनेटरच्या अॅल्युमिनियम बॉडीवर. इथे 0.2 च्या आत. अल्टरनेटरचं ब्रॅकेट गंजलेलं किंवा नव्याने रंगवलेलं असलं की ही चाचणी नापास होते, आणि अशा गाडीत तीन अल्टरनेटर बदलले तरी चौथाही ‘खराब’च निघतो. तुमच्या गाडीत ही दोन मापं घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता तो मंद दिवा. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या लक्षणांत सर्वांत बोलकं तेच आहे. जुन्या धाटणीच्या गाडीत बॅटरीच्या दिव्याला एका बाजूने इग्निशन स्विचमधून प्लस मिळतो आणि दुसरी बाजू अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल टर्मिनलला जाते. गाडी बंद, चावी ऑन: अल्टरनेटरची बाजू जवळजवळ शून्य, दिवा लख्ख पेटतो आणि त्याच्यातून जाणारा थोडासा करंट रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाला) पहिला चुंबकपणा देतो. (म्हणूनच हा बल्ब उडाला तर काही गाड्या चार्जच करत नाहीत, किंवा एकदा जोरात रेस केल्याशिवाय करत नाहीत. चावी ऑन केल्यावर दिवा मुळात पेटतो का, हे म्हणून आधी बघायचं.) अल्टरनेटर वीज द्यायला लागला की दोन्ही बाजूंना सारखा व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. तेव्हा मंद पेटलेला दिवा एवढंच सांगतो की दोन बाजूंमध्ये एखाद-दोन व्होल्टचा फरक आहे. कुठली बाजू कमी, हे तो सांगत नाही.

मेकॅनिक नेहमी अल्टरनेटरची बाजू कमी धरतो, म्हणजे डायोड (अल्टरनेटरच्या एसी विजेची डीसी करणारा भाग) गेलेला. तसं असूही शकतं. पण इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले असतील, त्यात ब्लोअरचा करंटही त्याच स्विचमधून जात असेल, तर स्विचच्या पुढे 14 ऐवजी 12.8 च मिळतात आणि दिवा उलट्या दिशेने पेटतो. त्यात अल्टरनेटरचा काही दोष नाही, आणि तो बदलून लक्षण जात नाही. इंजिन चालू ठेवून तीन ठिकाणी बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजा: बी प्लस, डी प्लस, आणि इग्निशनवर चालणारा क्लस्टरचा फ्यूज. डी प्लस हा बी प्लसपेक्षा ठळकपणे कमी असेल तर दोष अल्टरनेटरच्या आत. ते दोन्ही सारखे आणि फ्यूजवर कमी असेल तर स्विच, त्याचा कनेक्टर किंवा फ्यूजबॉक्समधली सैल क्लिप. कनेक्टर काढून बघा. एखादी पिन तपकिरी आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसेल. काही अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर याच इग्निशन वायरवरचा व्होल्टेज बघून ठरवतो किती चार्ज करायचं. तिथे कमी मिळाला तर तो बिचारा वाढवत नेतो, आणि बॅटरी उकळायला लागते. म्हणजे झिजलेल्या स्विचमुळेही ओव्हरचार्जिंग होतं.

चावी काढल्यावरही दिवा मंद पेटत राहिला तर मात्र शंका नको, डायोड शॉर्ट आहे. तो रात्रभरात बॅटरीही उतरवतो.

डायोड तपासायला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू आणि लाइट लावलेल्या स्थितीत बॅटरीच्या पोलवर मोजा. 0.1 च्या आसपास किंवा कमी म्हणजे ठीक, 0.5 च्या वर म्हणजे डायोड प्लेट संशयित. एक सावधगिरी: स्वस्तातले मीटर एसी रेंजवर डीसीलाच फसतात आणि 28-30 असा अचाट आकडा दाखवतात. पिना उलट करून शून्य आला तर समजा, त्या मीटरने ही चाचणी होणार नाही.

डिझेल गाडीतल्या अल्टरनेटरच्या आणखी दोन खोडी. बऱ्याच डिझेल इंजिनांत ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो आणि त्याला इंजिन ऑइल जातं. त्याचं सील गेलं की ऑइल आत झिरपून कार्बन ब्रश आणि स्लिप रिंगवर चिकट काळा लेप बसतो, आणि चार्जिंग येत-जात राहतं. अल्टरनेटर ओलसर दिसला तर सील बदलल्याशिवाय ब्रश बदलू नका, आणि काम झाल्यावर ब्रेकचा पेडल नेहमीसारखा हलका आहे ना हे गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी बघा. दुसरं, अशा अनेक गाड्यांत आरपीएमचा काटा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून चालतो. इंजिनचा आवाज एकसारखा आणि आरपीएमचा काटा मात्र गचके खातोय, त्याच वेळी बॅटरीचा दिवाही लुकलुकतोय, असं दिसलं तर आधी बेल्ट बघा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबायला हवा, आणि व्ही-बेल्ट असेल तर पुलीच्या खाचेचा तळ चकाकता नको. तळ चकाकतोय म्हणजे बेल्ट झिजून तळाला टेकलाय, आता कितीही ताणा, घसरणारच.

काट्यांबद्दल नियम सोपा आहे. एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेन्सर किंवा त्याची वायर. दोन-तीन एकदम चुकत असतील तर त्यांच्यात जे सामाईक आहे ते: अर्थ, फ्यूज, किंवा जुन्या गाड्यांत क्लस्टरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर. हा स्टॅबिलायझर डिझेल आणि टेंपरेचरच्या काट्यांना साधारण 10 व्होल्ट सरासरी देतो. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले किंवा त्याचा अर्थ सुटला की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवतात. तुमचे काटे मात्र लोडप्रमाणे झटकन हलतात. स्टॅबिलायझरवर चालणारे काटे गरम होऊन सावकाश सरकणारे असतात, इंडिकेटरच्या तालावर नाचत नाहीत. म्हणून तुमच्या बाबतीत तो संशय मी खाली ठेवतो.

एकट्या टेंपरेचरच्या काट्यासाठी: सेन्सरची वायर काढली की काटा एका टोकाला जायला हवा, वायर क्षणभर अर्थ केली की दुसऱ्या. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर बघा. एका वायरीचा सेन्सर आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतो, त्यामुळे बसवताना टेफ्लॉन टेपचे वेढे मारले असतील तर तोही चुकीचं दाखवतो. डिझेलच्या फ्लोटलाही (टाकीतली पातळी सांगणाऱ्या तरंगत्या सेन्सरला) हीच चाचणी चालते, फक्त कुठलं टोक भरलेलं आणि कुठलं रिकामं हे कंपनीगणिक उलटसुलट असतं. फ्लोटचा अर्थ हौद्याखाली चेसिसला असतो, चिखल-पाण्यात. तोही घासून घ्या.

ऑइल प्रेशरचा काटा किंवा दिवा याला अपवाद. तिथे ‘वायरिंगचा प्रॉब्लेम असेल’ असं गृहीत धरायचं नाही. इंजिन बंद, ऑइलची पातळी बघायची, आणि यांत्रिक गेज लावून खरा दाब मोजल्यावरच सेन्सरला नावं ठेवायची.

अलीकडच्या पिकअपमध्ये यातलं बरंच बदलतं. तिथे काटे छोट्या स्टेपर मोटरवर चालतात, आकडा इंजिनच्या ईसीयूकडून (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडून) कॅन वायरींवरून, म्हणजे डेटा नेणाऱ्या वायरींवरून, येतो, आणि चार्जिंगही ईसीयूच ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम व्होल्टेज 12.8 पर्यंत खाली आणतो, ब्रेक लावताना 14.8 वर नेतो. तिथे एकदा मोजून निष्कर्ष काढू नका. लोड लावून व्होल्टेज चढतो का ते बघा आणि स्कॅनर जोडा. वायर अर्थ करून बघण्याचे प्रयोग अशा गाडीत नकोत.

आणि कुठल्याही गाडीत, नवी असो वा जुनी, चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ बघायचं नाही. ही सवय डायनामोच्या काळातली आहे. बॅटरी सुटल्यावर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू यांपैकी काहीही जाऊ शकतं. कोणी पाना घेऊन टर्मिनलकडे वळला तर थांबवा.

क्लस्टर खरंच खराब असतो का? असतो. जुन्यांच्या मागे तांब्याची नक्षी असलेली पातळ प्लॅस्टिक फिल्म असते. तिला चीर जाते, मीटरचे छोटे नट सैल होतात, कनेक्टरच्या पिनेभोवतीचं सोल्डर तडकतं. डॅशबोर्डवर थाप मारल्यावर काटे जागेवर येत असतील तर तो उघडून नट कसणं आणि सोल्डर पुन्हा करणं हे पहिलं काम. क्लस्टरच्या कनेक्टरवर, पूर्ण लोडमध्ये, अर्थला 0.2 च्या आत आणि पुरवठ्याला बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी फरक दिसला, सेन्सरच्या वायरींची चाचणी नीट झाली आणि तरीही काटे चुकले, तरच बदला. बदलताना ओडोमीटरचा जुना आकडा सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून घ्या.